गल्ल्यावरचा माणूस बदलताना

चिक्की, रेवडी, बत्तासे, गाठी, हलवा विकणाऱ्या घरच्या दुकानांविषयी वाचक जे प्रश्न विचारतात, ते फारसे बदलत नाहीत. ‘परवाना वडिलांच्या नावावर आहे आणि ते आता थकलेत, पुढे काय?’ ‘चुलतभावाने पलीकडच्या पेठेत आमच्याच नावाची पाटी लावली, चालते का?’ ‘बहीण हिस्सा मागते, दुकानात तिचा हिस्सा असतो का?’ ‘अधिकारी मालाचा नमुना घेऊन गेले, आता दुकान बंद पडणार का?’

या सगळ्यांचे मूळ एकच. दुकान तीन पिढ्यांचे असते, पण कागदावर ते एकाच माणसाचे असते आणि पाक कधी उतरवायचा हेही त्या एकालाच ठाऊक असते. तो गल्ल्यावर बसतो तोवर काही अडत नाही. तो आजारी पडला की मालक नक्की कोण, हा प्रश्न पहिल्यांदा निघतो आणि तोही सगळ्यात वाईट वेळी. म्हणून पुढची कामे जुने मालक धडधाकट असताना, त्यांना शेजारी बसवून करायची आहेत.

दुकान म्हणजे पाच वेगळ्या गोष्टी

‘दुकान मुलाच्या नावावर केले’ असे आपण सहज म्हणतो. पण एका सहीने दुकान कोणाच्या नावावर होत नाही. पाच गोष्टी वेगवेगळ्या धराव्या लागतात:

- जागा: स्वतःची, जुन्या भाडेकरू हक्काची की लीव्ह अँड लायसन्सवरची?
- परवाने: अन्नसुरक्षा, जीएसटी, दुकाने व आस्थापना, वजनकाटा.
- नाव: पाटीवरचे, खोक्यावरचे, गिऱ्हाइकांच्या तोंडचे.
- कृती: कोणता गूळ, किती पाक, कोणता साचा.
- माल, येणी आणि देणी: भट्टी, कढया, लग्नघरांची उधारी, साखरेच्या व्यापाऱ्याची बाकी.

या पाचही गोष्टींना वेगवेगळे कायदे लागतात. एका वहीत पाच पाने करा. प्रत्येक पानावर ‘आज कोणाच्या नावावर’ आणि ‘पुढे कोणाकडे’ एवढेच लिहा. ज्या पानावर उत्तर सुचणार नाही, तिथेच तुमची खरी अडचण आहे.

परवाना: हयातीत आणि मृत्यूनंतर

अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६चा. त्याखालचे परवान्याचे नियम ५ ऑगस्ट २०११पासून लागू झाले. छोट्या व्यावसायिकाला नोंदणी पुरते, मोठ्याला परवाना घ्यावा लागतो. २०११च्या नियमांत ही सीमा वर्षाला १२ लाख रुपये उलाढालीची होती. अशा सीमा बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी ‘फॉस्कॉस’ या सरकारी पोर्टलवर चालू आकडा पाहून घ्या.

इथे दोन प्रसंग वेगळे ओळखा:

- मालक हयात आहेत, पण व्यवहार मुलाकडे जातो आहे. वडिलांच्या एकल मालकीचा परवाना मुलाकडे आपोआप जात नाही. मुलाने स्वतःच्या नावाने नवा घ्यायचा. तो हातात येईपर्यंत जुना बंद करू नका. जीएसटीचेही तसेच आहे. नोंदणी पॅनशी बांधलेली असते, त्यामुळे मुलाला त्याची स्वतःची घ्यावी लागते.
- मालक वारले. नियमांनुसार परवाना वारसाच्या किंवा कुटुंबीयाच्या लाभासाठी ९० दिवस किंवा मुदत संपेपर्यंत चालू राहतो. सबळ कारण असल्यास अधिकारी लेखी नोंद करून मुदत वाढवू शकतात. तेवढ्या काळात नावबदलाचा अर्ज करायचा. दिवसकार्य उरकल्यावर पहिल्याच आठवड्यात करा. ९० दिवस पुष्कळ वाटतात, पण वारसांच्या सह्या गोळा करण्यात ते संपून जातात.

कोणत्या रूपात चालवायचे?

घरच्या दुकानाला व्यवहारात तीन वाटा असतात.

- एकल मालकी. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात नाजूक. नफा, कर्ज, दंड, सारे एकाच माणसावर. एकच वारस काम पाहणार असेल आणि बाकीच्यांचे समाधान दुसऱ्या मालमत्तेतून होत असेल, तरच ठेवा.
- भागीदारी. दोन भाऊ, बाप-लेक, सासू-सून असे काम वाटून करत असतील तर ही योग्य. कायदा १९३२चा आहे. फर्म नोंदवलीच पाहिजे अशी सक्ती नाही, पण नोंदवली नसेल तर करारातल्या हक्कासाठी फर्मला बाहेरच्यावर आणि भागीदारांना एकमेकांवर दावा लावता येत नाही. म्हणून नोंदवा.
- एलएलपी. दुकानापलीकडे कारखाना, घाऊक विक्री, मोठे कर्ज असेल तर विचार करा. भागीदाराची जबाबदारी मर्यादित राहते, पण दरवर्षीची कागदपत्रे आणि त्यांचा खर्च वाढतो.

भागीदारीच्या करारात वकील ठरावीक मजकूर घालून देतात. तुम्ही पुढची कलमे मुद्दाम मागून घ्या:

१. भागीदार वारल्यास फर्म चालू राहील. असे लिहिले नसेल तर कायद्याने ती विसर्जित होते. फर्ममध्ये दोघेच असतील तर हे कलम असूनही उपयोग होत नाही, कारण एका माणसाची भागीदारी नसते. म्हणून तिसरा भागीदार आधीच घ्या.
२. दुकानाचे नाव आणि कृती फर्मची की एखाद्या भागीदाराची?
३. बाहेर पडणाऱ्याला किती रक्कम, किती हप्त्यांत आणि कोणत्या हिशेबाने?
४. बाहेर पडल्यावर त्याने त्याच पेठेत तोच धंदा करायचा का?
५. भट्टीवर उभा राहणारा आणि फक्त भांडवल घातलेला यांना सारखा वाटा की काम करणाऱ्याला वेगळा मोबदला?

भांडणे बहुधा पाचव्या मुद्द्यावरून सुरू होतात. पहाटे भट्टी पेटवणारा आणि महिन्यातून एकदा हिशेब पाहायला येणारा यांना सारखे मिळाले की मने दुखावतात. मोबदला आणि नफा हे दोन वेगळे रकाने ठेवा.

जागेचा हक्क

जागा स्वतःची असेल तर प्रश्न वारसाहक्काचा. लीव्ह अँड लायसन्सची असेल तर परवानगी करारापुरती, ती वारसाला मिळत नाही. हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. खरी गुंतागुंत जुन्या भाडेकरू जागांची.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे व्यवसायाच्या जागेतला भाडेकरू वारला, तर त्या वेळी त्याच्याबरोबर तिथे व्यवसाय करणारा कुटुंबीय भाडेकरू मानला जातो. असे कोणी नसेल तर वारसांपैकी कोण, हे सहमतीने ठरते, नाही तर न्यायालय ठरवते. म्हणजे पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलापेक्षा रोज दुकानात उभ्या असलेल्या सुनेचा दावा भक्कम ठरू शकतो. पण ती उभी होती हे दाखवणार कशावरून? पगारपत्रक, बिलावरची सही, बँकेचा अधिकार, भागीदारीचा करार यांवरून. ते आज तयार करा.

चुका होतात त्या अशा:

- भाडेकरू हक्क मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देता येतो असे समजणे. सहसा तो तसा देता येत नाही.
- घराबाहेरच्या माणसाला भागीदार करून दुकान त्याच्या ताब्यात देणे. घरमालक याला पोटभाडेकरू म्हणून आव्हान देऊ शकतो.
- भाडे रोखीने देऊन पावती न घेणे. पावती हा तुमचा हक्क आहे. मालक देत नसेल तर भाडे बँकेतून किंवा मनिऑर्डरने पाठवा.

लेकी, सुना आणि मुले

‘बहिणीचे लग्न झाले, आता तिचा काय संबंध’ हे वाक्य कायद्यापुढे टिकत नाही. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचे वाटे सारखे. वडिलोपार्जित मालमत्तेत २००५च्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. महाराष्ट्राने तशी तरतूद १९९४ मध्येच केली होती. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांना आपापले वारसा कायदे लागतात. गोव्यातल्या वाचकांना तिथला नागरी कायदा लागतो, त्यांनी तिथल्याच वकिलाचा सल्ला घ्यावा.

दुकान एकाकडेच राहावे असे वाटत असेल तर बाकीच्यांची सोय आज लिहून ठेवा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. साक्षीदार लाभार्थींपैकी नसावेत. आणि लक्षात ठेवा, बँकेतला नॉमिनी पैसे स्वीकारणारा असतो. ते पैसे वारसांचेच राहतात.

सुनेचे आणि पत्नीचे काम बहुतेक दुकानांच्या हिशेबात दिसतच नाही. लाडू वळणे, पुड्या बांधणे, हलवा निवडणे, दुपारचा गल्ला सांभाळणे, या सगळ्याला पगार किंवा भागीदारीतला वाटा द्या आणि तो त्यांच्या खात्यात जमा करा. त्यांच्या नावावर कर्ज, विमा, हक्क उभा राहतो तो याच कागदांवर.

मुलांबाबत कायदा स्पष्ट आहे. १४ वर्षांखालचे मूल घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर किंवा सुटीत मदत करू शकते, पण शिक्षण बुडता कामा नये आणि काम धोक्याचे असता कामा नये. पुड्या बांधू दे, उकळत्या पाकाजवळ उभे करू नका. शेजारच्याचे मूल ‘घरचेच’ म्हणून ठेवले तर तो गुन्हा होतो.

नाव आणि पाटी

नाव नोंदवले नसेल तरी तुम्ही हतबल नसता. आधीपासून वापरत असल्याचा पुरावा असेल तर नक्कल करणाऱ्याविरुद्ध दावा लावता येतो. पण ट्रेडमार्क नोंदणीने काम सोपे होते. मिठाई आणि गोळ्या-चिक्की वर्ग ३० मध्ये येतात. नोंदणी १० वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण होते. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाचे सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे.

अर्जाआधी तीन गोष्टी समजून घ्या:

- गावाचे किंवा पदार्थाचे नाव एकट्याचे होत नाही. ‘लोणावळा चिक्की’, ‘सातारी कंदी पेढे’, ‘मालवणी खाजा’ हे शब्द सगळ्यांचे. त्यापुढचे तुमचे वेगळे नाव किंवा चिन्ह नोंदवा.
- आडनाव अवघड असते. चुलतभावाचे आडनाव तेच असेल आणि तो ते प्रामाणिकपणे वापरत असेल तर त्याला पूर्ण रोखता येत नाही. मात्र तुमच्यासारखेच खोके, तीच अक्षरे, ‘मूळ दुकान’ असा खोटा दावा याला हरकत घेता येते.
- जुने कागद फेकू नका. आजोबांच्या काळातले बिलबुक, खोक्याच्या छपाईची पावती, दिवाळी अंकातली जाहिरात हे सारे पुरावे आहेत.

दोन शाखा आधीच वेगळ्या झाल्या असतील तर कोर्टापूर्वी लेखी समझोता करून पाहा. कोणी कोणत्या गावात विकायचे, पाटीवर कोणते उपनाव जोडायचे, ऑनलाइन नाव कोणाचे, एवढे लिहिले तरी बराच वाद टळतो. पाटी मराठीत, देवनागरीत आणि दुसऱ्या भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असणे महाराष्ट्रात बंधनकारक आहे. नवी पाटी करताना तेही सांभाळा.

कृती: हातातून वहीत

कागद बदलता येतात, हात बदलत नाहीत. म्हाताऱ्या कारागिराला कृती विचारली तर तो ‘अंदाजाने’ म्हणतो. त्याचा अंदाज खरा असतो, फक्त तो मोजायचे काम तुम्हाला करायचे आहे.

१. त्यांच्याकडून सांगून घेऊ नका, करताना मोजा. साखर, गूळ, पाणी, दाणे टाकण्यापूर्वी आणि माल उतरल्यावर वजन घ्या. एकाच पदार्थाचे निदान तीन घाणे मोजा.
२. पाकाचे तापमान लिहा. साखरेचा कडक पाक साधारण १४५ ते १५४ अंश सेल्सिअसला होतो. त्याआधी उतरवला तर चिक्की दाताला चिकटते. थर्मामीटर आणि गार पाण्यातल्या थेंबाची जुनी परीक्षा दोन्ही सोबत करा. थेंब कट्कन तुटला तेव्हा आकडा काय होता, ते टिपा.
३. गुळाचा घाणा नोंदवा. प्रत्येक ढेपेचा गूळ सारखा वागत नाही. चिक्कीचा गूळ कोणत्या व्यापाऱ्याकडून, कोणत्या महिन्यात घेतला आणि पाक कसा झाला, हे लिहिले तरच ‘या वेळी मऊ का पडली’ याचे उत्तर मिळते.
४. हवा लिहा. साखर ओल ओढून घेते. पावसाळ्यात गाठी आणि बत्तासे पाझरतात, रेवड्या एकमेकींना चिकटतात. गार होताच हवाबंद डब्यात कधी भरता, तेही कृतीचाच भाग आहे.
५. दाणे निवडण्याची खूण लिहा. बुरशी आलेला, काळा पडलेला, कडू शेंगदाणा भाजल्याने सुधारत नाही. बुरशीचे विष भाजून जात नाही. पोते परत करा.

काटेरी हलव्याचे वेगळे सांगतो. मंद आचेवर परातीत थोडा थोडा पाक सोडत, हाताने फिरवत काटा फुलवणे हे काही दिवसांचे काम असते आणि ते वहीत पूर्ण उतरत नाही. त्याचे मोबाइलवर चित्रीकरण करा आणि एक हंगाम शिकणाऱ्याला शेजारी बसवा. कृती गुपित ठेवायची असेल तर वही कुलपात ठेवा, पण कुलपाची किल्ली दोघांकडे असू द्या.

भट्टीवर दोन नियम: घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरायचा नाही, व्यावसायिक १९ किलोचा घ्या. आणि पाक अंगावर उडाला तर भाग लगेच २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका, डॉक्टरकडे जा.

खोक्यावर आणि बरणीवर काय लिहायचे

- सुटा माल: १ ऑक्टोबर २०२०पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘या तारखेपर्यंत उत्तम’ ही तारीख लावणे बंधनकारक आहे. बनवल्याची तारीख ऐच्छिक.
- बंद पुडा: पदार्थाचे नाव, घटक, शाकाहारी असल्याचे हिरवे चिन्ह, १४ अंकी परवाना क्रमांक, उत्पादकाचे नाव-पत्ता, घाणा क्रमांक, तारखा, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क. पोषणमूल्यांचा तक्ता तुम्हाला लागतो की सूट आहे, हे छापण्याआधी विचारून घ्या.
- ॲलर्जी: शेंगदाणा, काजू-बदाम, दूध, सोया यांचा ठळक उल्लेख करा. त्याच परातीत शेंगदाणा चिक्की होत असेल तर तिळाच्या वडीच्या पुड्यावरही तसे लिहा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या जिवाशी याचा संबंध आहे.
- वजन: खोक्याचे वजन मिठाईत धरायचे नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी करून प्रमाणपत्र दर्शनी लावा.
- रंग: परवानगी असलेलेच खाद्यरंग, तेही मर्यादेत. कापडाला लावायचा रोडामाइन-बी हा रंग सापडल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये पुद्दुचेरी आणि तमिळनाडूने ‘बुढ्ढी के बाल’वर बंदी घातली. रंगाची सुटी पुडी घेऊ नका, लेबल असलेला सीलबंद डबा घ्या आणि बिल ठेवा.
- बांधणी: वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ देऊ नका, शाई मालाला लागते. १ जुलै २०२२पासून मिठाईच्या खोक्याभोवतीचे प्लास्टिक वेष्टन आणि गोळ्यांच्या प्लास्टिक काड्या यांवर देशभर बंदी आहे.

जीएसटीतले नेहमीचे तीन गैरसमज

‘छोटे दुकान, जीएसटी लागत नाही.’ फक्त राज्यात माल विकत असाल तर महाराष्ट्रात वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण बेळगावच्या किंवा बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाला कुरिअरने चिक्की विकलीत की ती परराज्यातली विक्री होते आणि उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागते.

‘कंपोझिशन घेतले की सगळे सोपे.’ दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या उत्पादक-दुकानदाराला १ टक्का कर भरून मोकळे होता येते. पण गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही आणि परराज्यात विकता येत नाही. गल्ल्यावरचीच विक्री असेल तर फायद्याचे, ऑनलाइन वाढायचे असेल तर नाही.

‘जुन्या दराने बिल चालते.’ चिक्की-रेवडीवर २०१७पासून ५ टक्के कर आहे. साखरेच्या इतर गोळ्यांवरचा करही २२ सप्टेंबर २०२५पासून ५ टक्क्यांवर आला. बिलाच्या यंत्रात आणि पुड्याच्या किमतीत तो बदल केलात का, ते तपासा.

नमुना घ्यायला अधिकारी आले तर

घाबरू नका आणि हुज्जत घालू नका. नमुना घेणे हा त्यांचा अधिकार आहे. तो कायद्याच्या रीतीने घेतला जावा, हा तुमचा.

१. ओळखपत्र पाहा. नाव, पद, तारीख, वेळ लिहून ठेवा.
२. नमुना विश्लेषणासाठी घेत असल्याची लेखी नोटीस तुम्हाला मिळाली पाहिजे. साक्षीदार बोलावला असेल तर त्याचे नाव टिपा.
३. नमुन्याची बाजारभावाने किंमत मिळते. ती घ्या आणि पावतीची प्रत ठेवा.
४. नमुन्याचे चार भाग होतात आणि सीलबंद केले जातात. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे. चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा अशी लेखी मागणी तुम्ही त्याच वेळी करू शकता. तिचा खर्च तुमचा. हा हक्क बहुतेक दुकानदार वापरत नाहीत, कारण त्यांना तो माहीतच नसतो.
५. ज्या साखर-गुळा-रंगाचा माल होता त्याची बिले बाजूला काढा. विक्रेत्याचा परवाना क्रमांक बिलावर आहे का ते पाहा.
६. कोऱ्या कागदावर सही करू नका. पंचनामा वाचून, प्रत घेऊनच करा.

अहवाल विरुद्ध आला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अहवालात नेमके काय म्हटले आहे ते पाहा. लेबलातली चूक, दर्जा कमी आणि असुरक्षित अन्न या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. लेबलासाठी ३ लाखांपर्यंत आणि कमी दर्जासाठी ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. असुरक्षित अन्नासाठी फौजदारी खटला चालतो, तिथे पहिल्या दिवसापासून वकील हवा.

स्वच्छतेबद्दल सुधारणा नोटीस आली तर तीत कारण लिहिलेले असावे लागते आणि दुरुस्तीला किमान १४ दिवस द्यावे लागतात. काम करून छायाचित्रांसह लेखी उत्तर द्या. दुकानदाराचे पहिले शस्त्र म्हणजे फाइल: कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी, पाण्याचा अहवाल, कीडनियंत्रणाची पावती.

वर्षाचे गणित

गाठी, हलवा, बत्तासे यांचे उत्पन्न पंचांग पाहून येते. डिसेंबर-जानेवारीत तिळगूळ आणि हलवा, होळी ते पाडवा गाठी, चैत्र-वैशाखात जत्रांचे बत्तासे-रेवड्या, श्रावणात उपासाची राजगिरा चिक्की, मग गणपती आणि दिवाळी. आषाढ कोरडा जातो.

- हंगामाच्या गल्ल्यातला आषाढाचा खर्च आधीच वेगळ्या खात्यात टाका: भाडे, पगार, वीज, हप्ता.
- गाठींचे लाकडी साचे, काट्याची पडताळणी, परवाने, विमा ही कामे आषाढात उरका.
- लग्नाच्या मोठ्या ऑर्डरला निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि वजन, तारीख, दर लिहून सही घ्या.
- स्वतः माल बनवून मोठ्या दुकानांना पुरवत असाल तर मोफत ‘उद्यम’ नोंदणी करा. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क सूक्ष्म-लघु उत्पादकाला कायद्याने आहे.
- आठवड्यातला एक दिवस दुकान बंद ठेवा किंवा दुसऱ्याच्या हाती द्या. तुमच्याशिवाय ते एक दिवस चालते का, याची तीच परीक्षा.

पुढची पिढी ‘नको’ म्हणाली तर

मुलगी आयटीत, मुलगा परदेशात, दोघांनाही भट्टी नको. यात कोणाचा दोष नाही, आणि त्यांना शब्दात अडकवून गल्ल्यावर बसवलेले दुकान फार काळ टिकत नाही. अशा वेळी वाटा चार:

- जुन्या कारागिराला भागीदार करणे. त्याला काम येते, गिऱ्हाईक ओळखते. जागा भाडेकरू हक्काची असेल तर आधी वकिलाला विचारा.
- नाव आणि कृती विकणे किंवा ठरावीक रकमेवर वापरायला देणे. ट्रेडमार्क नोंदलेला असेल तर किंमत येते. दर्जा बिघडला तर नाव काढून घेण्याचे कलम घाला.
- फक्त हंगामी चालवणे. गाठी आणि हलवा एवढेच, ऑर्डरप्रमाणे.
- नीट बंद करणे. कामगारांचे पगार आणि देणी चुकवा. दहा किंवा अधिक कामगार असतील तर ग्रॅच्युइटीचाही हिशेब करा. उधारी वसूल करा, परवाना परत करा, जीएसटी रद्द करून तीन महिन्यांत अखेरचे विवरणपत्र भरा. नुसते शटर ओढून घेतले तर विवरणपत्रांचे विलंबशुल्क साचत राहते.

या महिन्यात एवढे करा

१. पाच पानांची वही भरा.
२. परवाना, जीएसटी, भाडेपावती, काट्याचे प्रमाणपत्र यांच्या प्रती एका फाइलमध्ये लावा आणि तिची छायाचित्रे दोघांच्या मोबाइलवर ठेवा.
३. सर्वात जास्त खपणाऱ्या एका पदार्थाचे तीन घाणे मोजा.
४. रोज दुकानात काम करणाऱ्या प्रत्येक कुटुंबीयाचे नाव कोणत्या तरी कागदावर आणा.
५. आई-वडील, भाऊ, बहिणी, सुना सगळे एकत्र बसून ‘पुढे कोण’ यावर एकदा बोला आणि ठरले ते लिहून तारखेसह सह्या घ्या. हे मृत्युपत्र नव्हे, पण वकिलाकडे नेण्यासाठी यापेक्षा चांगला मसुदा मिळणार नाही.

पाचवे काम सगळ्यात अवघड जाईल, कारण हयात माणसासमोर त्याच्यानंतरचे बोलणे आपल्याकडे अशुभ मानतात. त्यावर उपाय एकच: विषय वडीलधाऱ्यांनीच काढावा. गल्ल्यावरची जागा त्यांची आहे, तिथे पुढे कोणी बसायचे हे सांगण्याचा पहिला मानही त्यांचाच.